शेगडीच्या बाजूचं भोक

३ जानेवारी १९६४, शुक्रवार

कासमभाईने आज हातगाडीवर घालून एक लोखंडी धूड घरी आणलं. त्याच्या ऑफिसातला एक इंग्रज इंजिनीयर नोकरी संपवून मायदेशी गेला. दोह्याबाहेर रय्यानच्या वाटेवरच्या त्याच्या बंगल्यातलं सामान कारकुनांत वाटलं गेलं. कुणी पंखा नेला, कुणी आरसा. भाईने नेमकी फायरप्लेस उचलली, म्हणजे भिंतीत बसवायची गॅसची शेगडी.

मुनीरा भाबी हसत सुटली. "अवो, म्हसळ्यात कळलं की आम्ही अरबस्तानात शेकत बसतो, तर म्हणतील हिला बाधा झाली."

"म्हणू दे. थंडी बाधली तर म्हसळ्याची माणसं येणारेत काय औषध द्यायला?"

थंडी मात्र खरी आहे. सकाळी पिंपातलं पाणी हाताला चावतं. शेजारच्या ताहेरुन्निसा खाला दोह्यात बारा वर्षं आहेत, त्या म्हणतात अशी थंडी त्यांनी पाहिली नाही. आणि भाबीला आठवा लागतोय. मागचं बाळ सातव्यात गेलं. तेव्हापासून भाई तिला काचेच्या भांड्यासारखी जपतो.

वही नवी आहे म्हणून लिहून ठेवते. मी आबिदा, बी.ए. आमच्या हर्णैच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. भाबीच्या बाळंतपणासाठी बाबांनी ऑक्टोबरात मला बोटीवर चढवलं. तक्रार नाही. दुपारी खालांच्या घरी चार बायकांना मी अक्षरं शिकवते. एकीने काल स्वतःचं नाव लिहिलं आणि तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला. आयुष्याचं काही करायचं तर हेच करायचं, असं मला वाटतं.

७ जानेवारी, मंगळवार

शेगडी बसवणारा आला. मुनाफ नाव. भाईच्या कंपनीच्या वर्कशॉपात पाइप फिटर आहे, वय सत्तावीस-अठ्ठावीस. मूळचा म्हसळ्याचा, त्यात भाबीच्या माहेरच्या आळीतला. हे भाईने आधी सांगितलं नव्हतं.

भाबी आणि मी पडद्याआड बसलो. पडद्याची शिवण एका जागी उसवली आहे, तिथून मी सगळं पाहिलं. माणूस गावचा आहे म्हणून चांगलाच असेल यावर शिकलेल्या माणसाने विसंबू नये.

काम नीट करतो, हे मान्य केलं पाहिजे. गॅसचा बाटला त्याने घरात ठेवूच दिला नाही. अंगणात सावलीला उभा केला आणि तांब्याची नळी भिंतीतून आत आणली. मग वाटीभर साबणाचं पाणी मागितलं. प्रत्येक सांध्याला फेस लावून तो उकिडवा बसून राहिला. "बुडबुडा आला तर गॅस गळतोय समजायचं," पडद्याकडे न बघता म्हणाला. एका सांध्याला आला. तो उघडून त्याने पुन्हा बसवला, पुन्हा फेस लावला. पत्र्याचा नळ छपरातून वर काढून त्याला टोपी घातली. हे सगळं झाल्यावर छिन्नी घेऊन गल्लीकडची भिंत फोडायला बसला.

"हे कशाला?" मी पडद्याआडून विचारलं.

"हवा यायला, आपा."

"दार आहे की."

"दार तुम्ही लावून घेणार. थंडीत उघडं कोण ठेवतं?"

"धूर वरच्या नळाने जातो ना? आणि या आगीला धूरच नाही. आमच्या चुलीला केवढा धूर, पण तिच्यासाठी कुणी भिंत फोडली नाही."

"चुलीवर कौलं असतात, आपा. कौलांतून घर श्वास घेतं. हे सिमेंटाचं घर, याला नाक नाय. आणि हिचा धूर डोळ्यांना दिसत नाय म्हणूनच तर..."

भाई एकदम खाकरला. "बस, बस. तिच्यासमोर नको."

मुनाफ पुन्हा छिन्नी मारायला लागला. भाबीसमोर काय नको? मी भाईला नंतर विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही, भोक बुजवू नका म्हणजे झालं."

जाताना तो मुनाफ म्हणाला, "मुनीरा, भोक उघडं ठेव हां. लहानपणासारखं हो हो म्हणून सोडून देऊ नको." मुनीरा! भाबी नाही, काही नाही. आणि भाबी पदर तोंडाला लावून हसली.

८ जानेवारी, बुधवार

शेगडी पेटवली. निळी ज्योत, बारीक, निर्जीव दिसणारी, पण खोली पाच मिनिटांत उबदार होते. मातीच्या पट्ट्या लाल होतात तेव्हा छान दिसतात. भाबी पाय पसरून तिच्यासमोर बसते आणि म्हणते, "साहेबीण झाले गो मी."

त्या भोकाने मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. तळहाताएवढं आहे, जमिनीपासून वीतभर वर. मी जमिनीवर आडवी होऊन त्यातून पाहिलं. गल्ली दिसते. गल्लीपलीकडे एकट्या पुरुषांची चाळ आहे, तिचा ओटा दिसतो. ओट्यावर एक बाज, बाजेवर वाळत टाकलेली खाकी पँट. खालांना सहज विचारलं, तिथे कोण कोण राहतं. कंपनीचे लोक, त्या म्हणाल्या. "तो फिटर नाय काय मुनाफ, तो पण तिथंच."

आतून बाहेर दिसतं तर बाहेरून आतही दिसणार. तीन भिंती सोडून त्याला हीच मिळाली. अंगणाकडे बाटला आहे, त्या बाजूला भोक चालत नाही, असं तो भाईला सांगत होता. असेल. कारण कुणालाही शोधता येतं.

जुन्या अभ्र्याचा बोळा करून मी भोकात घट्ट बसवला. आतून वर पाट टेकवून ठेवला. भाबीला बोलले नाही.

१२ जानेवारी, रविवार

मुनाफ पुन्हा आला. भाई ऑफिसात. दारातूनच, मान खाली घालून: "शेगडी बरोबर चालते ना? भोक उघडं हाय?"

"आहे," मी म्हणाले.

"बघू काय एकदा?"

"घरात पुरुषमाणूस नाही."

"बरोबर. ज्योत कशी हाय? निळी?"

"निळी."

"पिवळी झाली तर मला हाक मारा."

हाक मारा! गल्लीत उभी राहून? खोटं बोलले याचं वाईट वाटलं. दुपारभर डोक्यात घोळत होतं. पण घराची अब्रू राखण्यासाठी बोललेलं खोटं आणि फसवण्यासाठी बोललेलं खोटं, यात फरक आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

रमजानचा दुसरा रोजा. पहाटे सहेरीच्या जेवणाला शेगडी लावतो आणि नंतर ती चालूच राहते. भाबीला रोजे माफ आहेत, तरी ती आमच्याबरोबर उठते.

काल माझं डोकं सडकून दुखलं. पहिल्या रोज्याचं असं होतंच. भाईचं दुखलं नाही, पण तो दिवसभर ऑफिसात असतो, कामात लक्ष असतं.

एक छान गोष्ट. ज्योत आता निळी राहिली नाही, सोनेरी झाली आहे. उंच उठते आणि हलते, अगदी घरच्या चुलीसारखी. आधीची ती निळी ज्योत मला दवाखान्यातल्यासारखी वाटायची. शेगडी आता घरात रुळली, असं भाबीला म्हटलं. खिडकीच्या काचांना आतून पाणी सुटतं आणि ओघळ खाली येतात. सकाळी फडक्याने पुसावे लागतात.

२१ जानेवारी, मंगळवार

दोन गोष्टी लिहिण्यासारख्या.

पहिली माझ्या शिकवण्याची. घरात सकाळपासून डोकं जड असतं, मळमळतं, जिना नसताना जिना चढल्यासारखा दम लागतो. खालांच्या घरी जाऊन पाटी हातात घेतली की अर्ध्या तासात सगळं जातं. रोज. खालांना सांगितलं तर म्हणाल्या, "रोज्याचं काय घेऊन बसलीस, तुला पोरीबाळींत बसायला हवं." मला वाटतं माणसाला आपलं खरं काम सापडलं की शरीरही साथ देतं.

दुसरी गोष्ट बरी नाही. आज परत आले तर पाट बाजूला सरकलेला, आणि बोळा जमिनीवर. घरात भाबी एकटी होती.

"हा बोळा कुणी काढला?"

भाबीने खाली बघितलं. "उंदीर असेल."

या घरात उंदीर नाही. तीन महिन्यांत मी एकही पाहिला नाही.

मी बोळा परत बसवला, उलथन्याच्या दांड्याने आत ठोकला. भाबी बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी शरम म्हणेन.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज नमाजाहून येताना मुनाफ भाईबरोबर अंगणापर्यंत आला. मी स्वयंपाकघरात होते, आवाज स्पष्ट आला.

"घरात कुणाचं डोकं दुखतं काय रे?"

भाई म्हणाला, "रमजान हाय बाबा, डोकं दुखणार नाय तर काय पोट दुखणार? खाऊन तर कुणी मरत नाय." आणि दोघं हसले. म्हणजे भाई हसला.

मुनाफला कसं कळलं? भाबीचं डोकं दुखतं हे मला माहीत, भाबीला माहीत. भाईलासुद्धा ती सांगत नाही, तो घाबरेल म्हणून. मग गल्लीपलीकडच्या माणसाला कोण सांगतं? मी भांडी घासता घासता सगळं जुळवून पाहिलं. एकाच आळीतले. 'मुनीरा' अशी हाक. भोक. निघालेला बोळा. ज्योत पिवळी झाली तर हाक मारा. आणि ते वाक्य, 'तिच्यासमोर नको'.

भाबीवर मला माया आहे. म्हणूनच मी हे थांबवलं पाहिजे.

दुपारी बोळा पुन्हा बाहेर होता. या वेळी मी काही विचारलं नाही. कणीक भिजवून तिची खळ केली, भोकावर आतून वर्तमानपत्राचे चार थर चिकटवले. वाळूही फार येते म्हणून खिडकीच्या फटींवरही पट्ट्या लावल्या. खोली आता अशी छान बंद झाली आहे की गल्लीतला आवाजसुद्धा येत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

भाईशी बोलले. सरळ आरोप केला नाही. इतकंच म्हणाले की रमजानच्या दिवसांत परका पुरुष सारखा घराची चौकशी करतो ते बरं दिसत नाही, आणि तो भाबीला नावाने हाक मारतो.

भाई बराच वेळ हातातली खजुराची बी फिरवत राहिला. "लहानपणचे हायत ते."

"म्हणूनच."

त्याचा चेहरा उतरला. "खलास. त्याला सांगतो, येऊ नको म्हणून."

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. पण हलकं वाटलं.

३० जानेवारी, गुरुवार

मुनाफ आला नाही. भाई त्याच्याशी ऑफिसातही बोलत नाही, असं कळलं.

भाबीची तब्येत बिघडत चालली आहे. सकाळी ओकली. आठव्यात ओकाऱ्या होतात का, खालांना विचारलं पाहिजे. पत्रातली एकच ओळ तीन वेळा वाचते आणि विचारते, कुणाचं पत्र आहे. दुपारी रडायला लागली. "मला अंगणात बाज टाकून दे गो. इथे गुदमरते."

"बाहेर वारा कसला आहे बघितलास? मागच्या वेळी काय झालं विसरलीस?"

"अंगणात बरं वाटतं, आबिदा. खरंच बरं वाटतं."

अंगणाच्या भिंतीपलीकडे गल्ली आहे. मी बाज टाकली नाही. शेगडी जरा मोठी केली आणि भाबीच्या पायांवर रजई घातली. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी केलं ते तिच्या भल्यासाठीच केलं, पण आज तिच्याकडे बघताना ते मनाला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून शमाल, इथला वाळूचा वारा, सुटला आहे. आभाळ मातकट, समोरची चाळ दिसत नाही. वर्ग आज नाही. भाई सात वाजता गेला. कडी आतून लावली, शेगडी पहाटेपासून पूर्ण.

आता दुपारचे दोन. भाबी अकराला झोपली, अजून झोपलीच आहे. किती दिवसांनी तिला शांत झोप लागली. गाल गुलाबी झालेत, अगदी नव्या नवरीसारखे. मघाशी हाक मारली, हूं नाही की चूं नाही. उठवत नाही. झोपू दे.

माझंही डोकं आता दुखत नाही. फक्त जड आहे. ज्योत फार सुंदर दिसते. शेगडीच्या पट्ट्यांना वर काळं लागलं आहे, पुसायला हवं, उठले तर पुसेन. पाय माझेच आहेत पण लांब आहेत. हसू येतं.

उद्या बायकांना क च्या पुढे ख शिकवायचा, ख नंतर. ख लिहिताना आधी

९ फेब्रुवारी, रविवार

वही खालांनी दवाखान्यात आणून दिली. सहा दिवसांपूर्वीचं ते पान वाचलं. शेवटच्या ओळी पानावरून खाली घसरत गेल्या आहेत, त्या लिहिल्याचं मला आठवत नाही.

पुढचं सगळं खालांकडून कळलं. भाई त्या दिवशी वर्कशॉपाच्या दाराशी उभा होता. मुनाफ त्याच्याशी बोलायला आला, भाईने तोंड फिरवलं. तरी मुनाफने विचारलंच, "घरच्यांची डोकी अजून दुखतात?"

"रोजा हाय. दुखणारच."

"मुनीराभाबीचं पण?"

"तिचं तर जास्तच. काल मला सांगून रडली."

"कासम, तिला रोजा कुठाय?"

खाला सांगतात, दोघं कंपनीच्या गाडीतून वाळूच्या वादळात आले आणि मुनाफने गाडी थांबायच्या आधी उडी मारली. दाराला आतून कडी. त्याने गल्लीकडची खिडकी दगडाने फोडली, आत शिरला, आधी शेगडीची चावी बंद केली, मग दार उघडलं. "तुला नि तिला, दोघींना बगलेत धरून अंगणात ओढलान," खाला म्हणाल्या. "डोक्यावर पदर नाय, काय नाय. आणि कासम नुसता उभा. त्याच्यावर तो असा ओरडला, यल्ला, चल लवकर, तोंडावर पाणी नको, हवा येऊ दे, हवा!"

मी संध्याकाळी शुद्धीवर आले. भाबी दुसऱ्या दिवशी सकाळी.

डॉक्टरीण बाई मद्रासकडच्या आहेत. त्यांनी मला इंग्रजीत समजावलं, मी बी.ए. आहे कळल्यावर. बंद खोलीत आगीला हवा पुरली नाही की एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप, मग झोपेतून परत येणं नाही. ज्योत पिवळी होणं, काचांना पाणी सुटणं, काजळी धरणं, या त्याच्या खुणा. मी एकेक खूण माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहून ठेवली होती.

"आणि बाळ?"

"आईपेक्षा पोटातल्या बाळाला हे जास्त लागतं," त्या म्हणाल्या. "ठोके आहेत. आपण वाट बघू."

११ फेब्रुवारी, मंगळवार

भाई भाबीच्या खाटेजवळ बसून म्हणाला, "त्या मुनाफला मी सोडणार नाय. वाचवलान ते ठीक. पण शेगडी बसवली कुणी? हवेची सोय नीट केली असती तर ही पाळी आली असती?"

मला वाटलं, गप्प राहिले तर इथेच संपेल. भाबी डोळे मिटून होती. मला खरंच असं वाटलं, ते लिहून ठेवते.

मग मी सांगितलं. बोळा, पाट, खळ, वर्तमानपत्र. आणि का.

भाईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मुनाफने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. वाळवंटातल्या एका कॅम्पात बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन दोन माणसं झोपली होती, सकाळी यानेच ती बाहेर काढली. गाल असे लाल होते, म्हणाला, की आधी वाटलं झोपेत हसताहेत. मी म्हटलं, दोन जिवांच्या बाईसमोर असलं मरणाचं बोलायचं नाय. मागचं एक गेलंय. तुला तरी सांगायला हवं होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "तुला पोरगी समजलो मी."

तो बाहेर गेल्यावर भाबीने डोळे उघडले.

"दोनदा मीच काढला होता बोळा," ती म्हणाली. "मुनाफभाई सांगून गेला होता ना, उघडं ठेव म्हणून. का ते मलाही ठाऊक नव्हतं. पण काढला की बरं वाटायचं."

"मग मला सांगितलं का नाहीस? उंदीर काय म्हणालीस?"

"काय सांगू? तू विचारलंस ते असं विचारलंस..." तिने दम घेतला. "भोक उघडं ठेव म्हटलं असतं, तर तुझ्या मनात आलं असतं कुणासाठी. ते तुझ्या तोंडावर दिसत होतं, आबिदा. खळ लावलीस तेव्हा मी म्हटलं, मरू दे. डोकं दुखलं तर दुखलं. नाव तरी जाणार नाय."

मी तिच्या तोंडावरच्या भावाला शरम म्हटलं होतं. ती भीती होती, आणि माझी होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल ईद झाली, घरात कुणी शिरखुर्मा केला नाही. खालांनी पाठवला.

मुनाफ शेगडी काढायला आला. भाईनेच बोलावलं. मी पडद्याआड बसले नाही. डोक्यावर पदर घेऊन अंगणात उभी राहिले. त्याने बाटल्याची चावी बंद केली, नळी सोडवली, तोंडाला बूच मारलं. भोकावरचा कागद ओला करून खरवडून काढला. मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय. गल्लीतून बोळा दिसायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? बोळा कधी दिसायचा, कधी नाय. आणि कागद दिसला तोवर कासमने मला घरी येऊ नको म्हटलं होतं. चाळीतनं ओरडलो असतो तर तुम्हाला काय वाटलं असतं?" त्याने कागदाचा लगदा फडक्यात गुंडाळला. "तरी ओरडायला हवं होतं. त्याचं मला वाईट वाटतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा आहे का, हे मी शोधत राहिले. सापडला नाही. मग कळलं की अजून शोधतेच आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

परवा घरीच मुलगी झाली. दिवस भरायच्या आत. लहानशी आहे. रडली, पण उशिरा. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, आणि तेवढ्या वेळात दाराबाहेर भाईने माझं मनगट आवळून त्यावर वळ उठवले.

बाई म्हणतात, आज सगळं ठीक दिसतं. पण किती लागलं असेल ते आज सांगता येणार नाही. मान धरेल, बसेल, बोलेल, तसं तसं कळेल. वर्ष लागेल, दोन लागतील.

मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. किती वाजता प्यायली. कोणता हात जास्त हलतो. डावी मूठ उजवीपेक्षा घट्ट वाटते, दोन वेळा पाहिलं. कंदिलाकडे वळली नाही, पण तेव्हा कदाचित झोपेत होती. आज दुपारी ती जागी असताना मी तिच्या कानाशी हळूच चुटकी वाजवली. मग दुसऱ्या कानाशी.

"काय करतेस?" भाबी उशीवरून म्हणाली.

"काही नाही."

"आता तरी खोटं नको बोलू गो."

मी वही मिटली. भाबी उठून बसली, तिला अजून उठताना भिंत धरावी लागते. तिने मुलीला उचललं.

"तिच्याकडे तू तशीच बघतेस. माझ्याकडे बघायचीस तशी." आवाज चढलेला नव्हता. "ती काय असेल ती असेल. मी आई हाय, मला पण भीती वाटते. पण रोज उठून तिची परीक्षा घेतलीस तर तिला काय कळेल, आपण या घरात कोण म्हणून आलो?"

मी वही खाली ठेवली.

"घे," ती म्हणाली आणि मुलगी माझ्यापुढे धरली. "बघू नको. नुसती घे."

मी घेतली. खिडकीची नवी काच अजून बसलेली नाही, भाईने ती उघडीच ठेवली आहे, आणि खोलीत गार वारा येत होता. मुलीला मी पदरात गुंडाळून छातीशी धरलं. ती गरम होती. मी तिचे श्वास मोजायला लागले. अकरापर्यंत मोजले, तेवढ्यात तिने तोंडभर जांभई दिली आणि आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजले नाहीत.